जोडणीतला फरक आणि निदानाची घाई

ऑटिझम आणि स्किझोफ्रेनिया या दोन्हींमध्ये मेंदू डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं काहीशा निराळ्या पद्धतीनं जोडतो, हे गेल्या वीसेक वर्षांच्या प्रयोगांतून बऱ्यापैकी पुढे आलं आहे. हा विषय प्रयोगशाळेपुरता होता तोवर ठीक होतं. आता तो वादात उतरला आहे आणि वाद फार वाईट रीतीनं घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, मेंदूतला बिघाड अखेर सापडला. आता चाचणी काढा, लवकर ओळखा, सराव देऊन दुरुस्त करा. दुसरी म्हणते, बिघाड वगैरे काही नाही, प्रत्येक मेंदू वेगळा असतो आणि असले प्रयोग करणं हाच मुळात अपमान. अधूनमधून तिसराही सूर लागतो: दोन्हींत एकच दोष दिसतो ना, मग दोन्ही आजार मुळात एकच असणार. माझं म्हणणं या तिघांनाही रुचणार नाही. फरक खरा आहे, पण तो म्हणजे निदान नव्हे. चाचणीतल्या एकाच निकालापर्यंत दोन मेंदू अगदी वेगळ्या वाटांनी पोचू शकतात. कोण कुठल्या वाटेनं आला हे कळायच्या आत त्या फरकाला दोष ठरवणं, गुण ठरवणं किंवा तो दुरुस्त करायला निघणं, तिन्ही सारखंच उतावळेपणाचं आहे.

मेंदूपुढचा प्रश्न किती अवघड आहे ते आधी पाहू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगानं येतो. तेवढ्या अंतराला प्रकाशाला लागणारा वेळ नगण्य. दहा मीटरवर कुणी टाळी वाजवली तर आवाज दृश्याच्या जवळपास तीस मिलिसेकंद मागून येतो. पण कानातली यंत्रणा डोळ्यातल्या पडद्यापेक्षा चपळ आहे. प्रकाशाचं मज्जासंदेशात रूपांतर व्हायलाच तीस-चाळीस मिलिसेकंद जास्त लागतात. म्हणजे माणूस समोर बसलेला असेल तर त्याचा आवाज मेंदूत आधी पोचतो, बराच दूर असेल तर त्याचं दृश्य आधी. तरीही आपल्याला ओठ आणि शब्द एकत्रच वाटतात, कारण मेंदू इथे काटेकोर नसून उदार आहे. ठरावीक वेळेच्या आत, बोलण्याच्या बाबतीत अगदी दोन-अडीचशे मिलिसेकंदांच्या आत, आलेल्या दोन खुणा तो एकाच घटनेच्या खाती टाकतो. या मुदतीला जोडणीची कालखिडकी म्हणू. ही खिडकी दोन्हीकडे सारखी उघडत नाही. आवाज मागे राहिला तर मेंदू खपवून घेतो, पुढे धावला तर लगेच खटकतं. निसर्गात आवाज प्रकाशाच्या आधी निघून येत नाही. प्रसारणाचे अभियंतेही हे जाणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवतो, मागे मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही, असं धरलं आहे.

ही जोडणी मेंदूचा वरवरचा साज नव्हे. १९५४ मध्ये सम्बी आणि पोलॅक यांनी दाखवलं, की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द कितीतरी जास्त कळतात, आणि गोंगाट वाढेल तसा चेहऱ्याचा उपयोगही वाढतो. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी ओठ ‘गा’ म्हणताहेत आणि आवाज मात्र ‘बा’ येतो आहे अशी ध्वनिचित्रफीत तयार केली. बहुतेकांना ‘डा’ ऐकू आला, जो कुणी उच्चारलेलाच नव्हता. २००० मध्ये शम्स, कामितानी आणि शिमोजो यांनी उलट बाजू दाखवली: प्रकाशाची एकच लुकलुक आणि तिच्यासोबत दोन ‘बीप’ दिले तर अनेकांना लुकलुक दोनदा झालेली दिसते. इकडे डोळा कानाला फसवतो, तिकडे कान डोळ्याला. मेंदूच्या खोल भागात काय घडतं हे स्टाइन आणि मेरेडिथ यांनी मांजरांवरच्या कामातून उलगडलं. मध्यमेंदूतल्या काही पेशी दोन्ही संवेदना एकत्र आल्या की त्यांच्या बेरजेहूनही जास्त प्रतिसाद देतात. पण ही क्षमता जन्मजात नसते. मांजराच्या नवजात पिल्लांत ती नसते आणि पूर्ण अंधारात वाढवलेल्या मांजरांत ती नीट घडतच नाही. काय कशाबरोबर येतं हे जग मेंदूला शिकवतं. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

या विषयावरचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं प्रकरण मात्र मेंदूविज्ञानातलं नाही, खगोलशास्त्रातलं आहे. ग्रिनिच वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या बारीक तारेपाशी कधी येतो हे डोळ्यांनी पाहायचं, त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानांनी मोजायचे आणि दोन्हींचा मेळ घालून सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ नोंदवायची, अशी पद्धत होती. प्रमुख खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांच्या लक्षात आलं, की साहाय्यक डेव्हिड किनब्रुक याच्या नोंदी आपल्यापेक्षा ०.८ सेकंद मागे पडताहेत. ताकीद देऊनही फरक मिटेना, तेव्हा १७९६ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. पुढे १८२० च्या दशकात फ्रीडरिश बेसेल यांनी ही हकीकत वाचून नामांकित निरीक्षकांची आपापसांत तुलना केली आणि कुणाचंच कुणाशी जुळत नाही असं निघालं. स्वतः बेसेल आणि त्यांचे सहकारी आर्गेलांडर यांच्यात सेकंदाहून मोठं अंतर होतं. किनब्रुकचा फरक खराच होता. फक्त मॅस्केलिनची वेळ बरोबर आणि त्याची चूक हे कुणी ठरवलं होतं? ज्याच्या हातात नोकरी होती त्यानं. दृश्य आणि आवाज जोडण्यातल्या फरकाची ही बहुधा पहिली शास्त्रीय नोंद, आणि ती आपल्याकडे आली आहे बडतर्फीचं कारण म्हणून.

आता प्रत्यक्ष पुरावा. ऑटिझम असलेल्या मुलांत कालखिडकी रुंद आढळते, हे २०१० च्या सुमारास लुकलुक-बीपच्या प्रयोगांतून दिसलं. २०१४ मध्ये स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी हा फरक विशेषतः बोलण्याच्या बाबतीत ठळक असल्याचं दाखवलं: ओठ आणि शब्द यांत बरंच अंतर पडलं तरी या मुलांना ते एकाच वेळी झाल्यासारखे वाटत. खिडकी रुंद म्हणजे जोडणी जास्त चांगली, असा समज सहज होईल. तसं नाही. इतक्या रुंद खिडकीतून एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टीही आत येतात. कुठला शब्द कुठल्या ओठांचा हे निवडणंच अवघड होतं. स्किझोफ्रेनियातही असंच दिसतं. २००७ मध्ये फूशे आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांत एकाच वेळी घडल्यासारखं वाटण्याची मुदत लांबलेली असल्याचं नोंदवलं, तीही दोन संवेदनांमध्येच नव्हे तर एकाच संवेदनेच्या आतही. त्याच वर्षी रॉस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात रुग्णांना गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा जेवढा फायदा व्हायला हवा तेवढा होत नव्हता. नुसतं ऐकण्यात ते फारसे मागे नव्हते. मागे पडत होते ते चेहऱ्याचा उपयोग करून घेण्यात.

‘चाचणी काढा’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचं तर असं. भाषा शिकताना बाळ ओठ आणि आवाज यांची सांगड घालतं. ती सांगड सैल असेल तर शब्द धूसर राहतात, शब्द धूसर म्हणून संभाषण थकवतं, संभाषण थकवतं म्हणून माणसांपासून दूर राहणं सोयीचं वाटतं. म्हणजे ज्याला आपण सामाजिक अडचण म्हणतो तिचं मूळ संवेदनांच्या पातळीवर असू शकतं. हे मूळ बोलणं सुरू होण्याआधी मोजता आलं तर? निदानाला लागणारी वर्षं वाचतील. शिवाय २००९ मध्ये पॉवर्स, हिलॉक आणि वॉलेस यांनी दाखवलं आहे, की सामान्य प्रौढांची कालखिडकी थोड्या सरावानंतर अरुंद होते. मोजता येतं आणि बदलताही येतं. एवढं असताना हात बांधून बसायचं कशासाठी? हा युक्तिवाद दुर्बळ नाही. स्टीव्हन्सन यांच्या कामात वेळेची अचूकता आणि बोलणं जोडण्याची ताकद यांच्यात संबंध दिसला, तोही नाकारण्याजोगा नाही. ज्या पालकांनी ‘थांबा आणि पाहा’ हा सल्ला ऐकण्यात वर्षं घालवली त्यांना ही साखळी दिलासा देते, आणि तो दिलासा मी हसण्यावारी नेणार नाही.

पण नीटस साखळीचा इतिहास या क्षेत्रात चांगला नाही. १९५०-६० च्या दशकांत मूल नजरेला नजर देत नाही यावरून आईच भावनाशून्य असली पाहिजे असा निष्कर्ष काढला गेला; ब्रूनो बेटलहाइमसारख्यांनी तो लोकप्रिय केला, आणि असंख्य आयांनी तो दोष डोक्यावर वाहिला. तीही साखळीच होती, तिच्याही प्रत्येक दुव्याला निरीक्षणाचा आधार दिला जात होता. संवेदनांची साखळी तिच्याहून कितीतरी शास्त्रशुद्ध आहे हे मान्य. तरी दुवे तपासल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये.

पहिला दुवा मोजण्याचा. मॅकगर्कचा आभास ऑटिझममध्ये सरासरीनं कमी होतो, हे अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर खरं ठरतं. पण हा आभास सामान्य माणसांतही सारखा नाही. काहींना तो जवळजवळ दर वेळी होतो, काहींना कधीच नाही, आणि ही सगळी माणसं ठणठणीत. जपानी भाषकांत तो इंग्रजी भाषकांपेक्षा कमी आढळल्याची नोंद १९९० च्या दशकातलीच आहे. त्यावरून कुणी जपानी मेंदूत बिघाड शोधला नाही. आणखी एक गोष्ट: आभास किती होतो यावरून त्या माणसाला गोंगाटात चेहऱ्याचा किती उपयोग होतो हे सांगता येत नाही. मग आपण नेमकं काय मोजतो आहोत? त्यात नजरेचा प्रश्न आहेच. मूल ओठांकडे पाहतच नसेल तर जोडायला मेंदूकडे आहे काय? मॅग्नॉटी आणि बोशँप यांनी २०१८ मध्ये आकडेमोडीतून दाखवलं, की माणसामाणसांतला फरक एवढा मोठा असताना छोट्या गटांवरचे अभ्यास दोन गटांमधलं अंतर फुगवून दाखवतात, कारण फुगलेलं अंतरच छापलं जातं. या क्षेत्रातले बरेच गट वीस-तीस जणांचे असतात. बाकी हिशेब वाचकानं करावा.

दुसरा दुवा ओळखण्याचा. दोन गटांच्या सरासरीत फरक असणं आणि एका माणसाबद्दल काही सांगता येणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. समजा, एखादी चाचणी चांगली निघाली: ऑटिझम असलेल्या शंभरांतल्या ऐंशींना ओळखते, नसलेल्या शंभरांतल्या ऐंशींना मोकळं सोडते. समजा, दर शंभर मुलांत एकाला ऑटिझम आहे. हजार मुलांची चाचणी घेतली तर खरोखर ऑटिझम असलेल्या दहांपैकी आठ सापडतील. उरलेल्या ९९० पैकी १९८ जणांवर विनाकारण शिक्का बसेल. म्हणजे चाचणीनं बोट दाखवलेल्या २०६ मुलांत खरी आठ. हे आकडे माझ्या मनचे आहेत, पण चाचणी याहून कितीतरी अचूक असल्याशिवाय या हिशेबातून सुटका नाही, आणि कालखिडकीची चाचणी ऐंशीच्या जवळपास तरी जाते असं कुणी मोठ्या प्रमाणावर दाखवलेलं नाही. शिवाय वय मध्ये येतं. सामान्य मुलांची खिडकीही आधी रुंदच असते आणि किशोरवयापर्यंत हळूहळू आवळत जाते. फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात तर शाळकरी वयात ऑटिझम असलेली मुलं गोंगाटात चेहऱ्याचा फायदा उठवण्यात बरीच मागे होती, पण तेराव्या वर्षानंतरच्या गटात हे अंतर जवळपास मिटलं होतं. ही मुलं बौद्धिकदृष्ट्या सक्षम गटातली होती, सगळ्यांना हे लागू करता येणार नाही. तरी प्रश्न उरतोच: जे उशिरा का होईना घडतं त्याला बिघाड म्हणायचं, की वेगळं वेळापत्रक?

तिसरा दुवा दुरुस्तीचा, आणि इथे मला राग येतो. प्रयोगशाळेत लुकलुक आणि बीप मिलिसेकंदांत मोजणं वेगळं आणि जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात मांडलेली, झोके, दाब, स्पर्श यांवर उभी असलेली सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी वेगळी. पण पहिलीचे आलेख दाखवून दुसरी विकली जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सनं २०१२ मध्येच सांगितलं, की या उपचाराचा पुरावा मर्यादित आहे, तसं पालकांना स्पष्ट सांगावं, आणि संवेदनांचा विकार असं स्वतंत्र निदान करू नये. ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या ४ ते ११ वयाच्या १३८ मुलांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा या उपचारानं वेगळा लाभ दिसला नाही. मूल झोक्यावर रमतं, शांत होतं, यात वाईट काही नाही. झोक्याला झोका म्हणावं, मेंदूची दुरुस्ती म्हणू नये. राहिला प्रश्न पडद्यावरच्या सरावाचा. तो खिडकी अरुंद करतो हे सामान्य प्रौढांत दिसलं. पण अरुंद खिडकीमुळे वर्गातलं किंवा घरातलं बोलणं जास्त कळू लागतं, ही पुढची पायरी अजून चढायची आहे.

एवढं वाचून दुसरी बाजू खूश झाली असेल, म्हणून आता तिच्याकडे वळतो. तिचा सगळ्यात धारदार मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. लुकलुक एकदाच झाली आणि दोन बीप वाजूनही एखाद्यानं ‘एकच दिसली’ असं सांगितलं, तर चुकलं कोण? आभासाच्या प्रयोगात ज्याला आपण सामान्य म्हणतो तोच फसतो, आणि जो फसत नाही त्याच्या नावापुढे ‘न्यूनता’ लिहिली जाते. यात किनब्रुकला काढून टाकणारी वृत्ती सरळ दिसते. पण हा मुद्दा आभासापुरता आहे. गोंगाटात समोरच्याचे शब्द न कळणं हा आभास नव्हे. संस्कृतीनं लादलेला निकष म्हणून ते झटकून टाकता येत नाही. ज्याला ते होतं तो दमतो, त्याचं डोकं दुखतं, तो उठून जातो. संवेदनांची अतितीव्रता किंवा मंदता २०१३ पासून अमेरिकी निदान-नियमावलीत ऑटिझमच्या निकषांत आली, त्यामागे ऑटिझम असलेल्या लोकांनीच अनेक वर्षं सांगितलेले अनुभव होते. आणि स्किझोफ्रेनियाचं काय? कुणी बोलत नसताना आवाज येतात, ते धमकावतात, आज्ञा देतात. हे सहन करणाऱ्या माणसाला ‘तुझा मेंदू फक्त वेगळा आहे’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. वेगळेपणाचा कैवार घेणारे बहुतेक लेख ऑटिझमपाशी थांबतात आणि स्किझोफ्रेनियाचं नाव टाळतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. टाळावं लागतं, कारण तिथे तो युक्तिवाद चालत नाही. जो सिद्धांत सोपं उदाहरण तेवढं निवडतो त्याच्यावर मी विसंबणार नाही.

उरले ‘दोन्ही एकच’ म्हणणारे. ही चूक नवी नाही. मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये ऑटिझम हे स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणूनच वर्णिलं होतं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची हकीकत मांडून स्वतंत्र चित्र उभं केलं, तरी १९६८ च्या अमेरिकी नियमावलीत अशा मुलांना बालपणातल्या स्किझोफ्रेनियातच बसवलं जात होतं. कोल्विन यांनी १९७१ च्या सुमारास दाखवलं, की एक गट तीन वर्षांच्या आत दिसू लागतो आणि दुसरा खूप नंतर. दोघांची लक्षणं आणि कौटुंबिक इतिहासही वेगळा. १९८० मध्ये दोन्ही निदानं अधिकृतपणे वेगळी झाली. आता मेंदूच्या आलेखांचा हवाला देऊन ती पुन्हा एकत्र करायची का? त्यांच्या बाजूनंही पुरावा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. एकाच व्यक्तीत दोन्ही असण्याचं प्रमाण योगायोगानं अपेक्षित असतं त्याहून जास्त आहे, आणि बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळाला तर दोन्हींचा धोका वाढतो. पण धोका वाढवणारा एक घटक सामाईक असला म्हणून परिणाम एकच ठरत नाही.

नोएल, स्टीव्हन्सन आणि वॉलेस यांचं २०१८ मधलं काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं. त्यांनी ऑटिझम असलेल्या ४६ आणि स्किझोफ्रेनिया असलेल्या १६ जणांना एकच साधा प्रश्न विचारला: दृश्य आणि आवाज एकाच वेळी आले का? खिडकी दोन्ही गटांत रुंद निघाली. इथेच थांबले असते तर ‘दोन्ही एकच’वाल्यांना आयता पुरावा मिळाला असता. पण खिडकी रुंद होण्याची निदान दोन कारणं संभवतात. एक, मेंदूची आधीपासूनची धारणाच अशी, की दोन गोष्टी जवळजवळ आल्या तर त्या एकाच उगमाच्या. दुसरं, येणारी माहितीच पुसट, कशाची वेळ नक्की काय हे ठरवताच येत नाही. गणिती प्रारूपानं ही दोन कारणं वेगळी केली तेव्हा ऑटिझममध्ये मुख्य फरक धारणेत दिसला. स्किझोफ्रेनियात धारणेतही थोडा कल होता, पण त्याबरोबर संवेदनांची नोंदच दुबळी होती. सोळा हा आकडा छोटा आहे, आणि मघाशी छोट्या गटांवर मी जी टीका केली ती इथेही लागू होते; स्किझोफ्रेनियातल्या औषधांचा परिणाम किती हाही प्रश्न आहे. तरी प्रश्न विचारण्याची पद्धत बरोबर आहे. धारणा बदलायची तर अनुभव बदलावा लागेल. अंधारात वाढलेल्या मांजरांची आठवण इथे व्हावी. नोंद पुसट असेल तर समोर येणारा संकेतच ठळक करावा लागेल. एकाला दिलेला सराव दुसऱ्याच्या काही कामाचा नाही.

फरक बरोबर टिपूनही कारण चुकू शकतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःचं रंगांधत्व जगापुढे मांडलं. काय दिसत नाही याचं त्यांनी केलेलं वर्णन चोख होतं. कारण मात्र त्यांनी डोळ्यातला द्रव निळा असणार असं मानलं. १८४४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांच्याच इच्छेनुसार डोळा तपासला तर द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातल्या डीएनएवरून खरं कारण, एका रंगद्रव्याचा अभाव, कळायला १९९५ उजाडलं. निरीक्षण अचूक आणि स्पष्टीकरण चुकलेलं, असं पन्नास वर्षं राहू शकतं, आणि खरं कारण कळायला दोनशे वर्षं लागू शकतात. कुणी त्या काळात निळा द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया विकली असती तर?

धारणांबद्दलही सावध राहायला हवं, कारण ‘ऑटिझममध्ये पूर्वधारणा दुबळ्या, स्किझोफ्रेनियात जास्त बळकट’ असं एक सुटसुटीत सूत्र फिरतं आहे. पहिलं अर्ध पेलिकानो आणि बर यांच्या २०१२ च्या मांडणीतून आलं. दुसऱ्याला पॉवर्स, मॅथिस आणि कॉर्लेट यांच्या २०१७ च्या प्रयोगाचा आधार आहे, आणि तो प्रयोग सुंदर आहे. चौकटींची नक्षी आणि एक सूर वारंवार बरोबर दाखवले, मग कधी कधी नक्षी आली पण सूर वाजवलाच नाही. ज्यांना एरवी आवाज ऐकू येतात त्यांना तो न वाजलेला सूर इतरांपेक्षा बराच जास्त ऐकू आला, मग त्यांना मनोविकाराचं निदान असो वा नसो. ज्यांना निदान होतं पण आवाज ऐकू येत नव्हते, त्यांच्यात हे इतकं दिसलं नाही. म्हणजे रेषा निदानांच्या मधून जात नाही, अनुभवाच्या मधून जाते! मग २०१८ च्या प्रयोगात स्किझोफ्रेनियात नोंद दुबळी आणि ऑटिझममध्ये जोडण्याची धारणा वेगळी कशी? माझ्या मते यात विसंगती नाही. ‘हे दोन संकेत एकाच उगमाचे’ ही धारणा निराळी आणि ‘आता सूर वाजणार’ ही निराळी. एकाच डोक्यात एक सैल आणि दुसरी घट्ट असू शकते. सूत्र सुटसुटीत आहे, मेंदू नाही.

मग तोवर करायचं काय? पुष्कळ काही, आणि त्याला कुणाच्या मेंदूची चाचणी लागत नाही. जोडणी अवघड जाते ती गोंगाटात, घाईत, आणि आवाज व चित्र यांचा मेळ बिघडलेला असताना. गोंगाट कमी करता येतो. एका वेळी एकानं बोलता येतं. बोललेलं लिहून देता येतं. उपशीर्षकांना ओठांशी मेळ घालावा लागत नाही. कारण कुठलंही असो, वाट कुठलीही असो, या गोष्टी दोन्ही गटांना उपयोगी पडतात आणि दोन्हींपैकी काहीच नसलेल्यांनाही त्रास देत नाहीत. इथे मला एक खटकणारी बाब नोंदवायची आहे. मानसोपचाराच्या आणि ऑटिझमच्या तपासण्या आता व्हिडिओ कॉलवरही होतात. कॉलमध्ये आवाज चित्रापासून सुटतो, कधी मागे, कधी पुढे, आणि हे अंतर मिनिटागणिक बदलतं. समोरचा माणूस उत्तर द्यायला वेळ लावतो, पडद्याकडे न पाहता ऐकतो, प्रश्न पुन्हा विचारायला सांगतो, आणि या तिन्ही गोष्टी तपासणीत लक्षणं म्हणून नोंदल्या जाऊ शकतात. त्या नोंदीतला किती भाग माणसाचा आणि किती कॉलमधल्या विलंबाचा? कॉल चालू असताना आवाज आणि चित्र यांत किती मिलिसेकंदांचं अंतर होतं हे यंत्राला मोजता येतं, आणि तो आकडा तपासणीच्या अहवालात उत्तरांच्या शेजारी छापावा, एवढी मागणी तरी दोन्ही तटांना आजच एकत्र करता येईल.